काळमाळवाडी कुठे आहे?

काळमाळवाडी तुम्ही बुडवलीत, साहेब. चूक सोनालीच्या हातून झाली, हे खरं. तिनं ती त्याच दुपारी कबूलही केली. पण ती सुधारायचं बटण तुमच्या हाताखाली होतं आणि तुमचा हात भज्यांच्या बशीत होता. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायची. बाकीच्यांनी ऐकली तरी चालेल.

सोनाली कोकरे सोलापुरात सात रस्त्याला एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत काम करायची. खाली रिक्षांचे भोंगे, वर पत्रा आणि पत्र्याखाली गरगरणारा पंखा. काम म्हटलं तर साधं. जिल्ह्यातल्या कुठल्या वस्तीला उन्हाळ्यात टँकर जायचा, हे ठरायचं एका ऑनलाइन नकाशावर. वस्तीतली घरं, आड, टँकर थांबायची जागा असे सगळे बिंदू एका फाईलमध्ये यायचे. सोनाली ती फाईल नकाशावर चढवायची. पडद्यावर वस्ती उमटली, की टँकरवाल्याच्या फोनवर तिकडची वाट उमटायची. नकाशावर नाही त्याला पाणी नाही. हा नियम तुमचाच.

यात एक खोडी होती. मराठी शाळेत शिकलेला माणूस 'अक्षांश-रेखांश' असंच म्हणतो. गुरुजींनी पट्टी आपटून तोंडात बसवलेलं असतं ते. या नकाशाला मात्र रेखांश आधी लागायचा. दुसऱ्यांच्या फायली सोनाली डोळ्यांत तेल घालून उलट्या करून घ्यायची. स्वतःच्या वस्तीची फाईल तिनं सुट्टीत घरी गेल्यावर केली होती. बापामागं चालत, आडापाशी थांबत, आईनं हातावर दिलेली शेंगदाण्याची चटणी-भाकरी खात. घरचं काम होतं, ते घरच्या सवयीनं झालं. अक्षांश आधी पडला, रेखांश मागं. घाईघाईत तीच फाईल चढली, आणि जेवणाच्या सुट्टीआधी तुम्ही तिकडं कचेरीत बसून सगळा जिल्हा एका बोटानं 'अंतिम' करून टाकलात.

दुपारी ती माळशिरस तालुक्यात वस्ती शोधत होती. कालव्याचं पाणी जिथं पोचलंच नाही त्या कोरड्या अंगाला बोट फिरवत होती. वस्ती नव्हती. तिनं नकाशा लहान केला, आणखी लहान केला. गावांची नावं सरली, देश सरले. पार वर, पृथ्वीच्या डोक्यापाशी, निळ्याशार समुद्रात एक ठिपका दिसला. त्यावर बोट ठेवलं तर अक्षरं उमटली : काळमाळवाडी.

"अय्यो शिवने!" गुरुशांत मागून वाकून हसायला लागला. हे ऑफिस त्याचं. घरी कानडी बोलणारा माणूस. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला 'तंगी' म्हणायचा. "तंगी, तुझ्या बापाची मेंढरं आता मासे खाणार बघ!"

"खाऊ देत की सर, पाला तरी कुठं राहिलाय," सोनालीही हसली.

हसत हसतच त्यानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, अंतिम झालेलं उघडत नसतो, पुढच्या उन्हाळ्यात बघू. तो हसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा, राजाबाईचा फोन आला.

"सोने, रात झालीच न्हाय गं."

"म्हंजे?"

"दिवस खाली उतारला, माळाच्या कडंला टेकला, आन् मावळायचं सोडून आडवाच चालाय लागला. कोंबडी खुराड्यात जाईनात. तुजा बा म्हनतोय, मेंढरं वाड्यात घालू का नको?"

"आये, ऊन लागलंय तुला. कांदा ठेव डोक्यावर."

"ऊन कुटलं? गोदडी घिऊन बसलीया मी, वैशाखात."

मग बाप बोलला. मायाप्पा फोनवर नेहमी ओरडून बोलायचा, समोरच्या टेकडीवरच्या माणसाला हाळी द्यावी तसा. "सोने, आड भरला की! काठोकाठ! टँकर नगं म्हनावं तुज्या साहेबाला!" आणि जरा वेळानं, खालच्या आवाजात, "पर खारट हाय. मेंढरं तोंड लावंनात. अंगावर लोकर बी न्हाय, परवाच कातारल्यात. कुडकुडत्यात बिचारी."

त्याच्या आवाजामागं दुसरा एक आवाज होता. काहीतरी मोठं हळूच येत होतं, पसरत होतं आणि परत जात होतं.

सोनाली एसटीनं गेली. खिडकीचा गज हाताला भाजत होता. फाट्यावर उतरली तर नेहमीचं ऊन, नेहमीची बाभळ, आणि बाभळीखाली ज्ञानबाची कलिंगडाची गाडी. ती वस्तीच्या वाटेला लागली आणि काही पावलांवर थांबली. पुढं डाळिंबाची बाग होती, ती अलीकडच्या गावची. तिच्या बांधाला लागून ज्वारीचं रान होतं, ते पलीकडच्या गावचं. दोन गावांच्या मध्ये वस्ती होती, माळ होता, आड होता, बिरोबाचं देऊळ होतं. आता बांधाला बांध लागला होता. कुठं भगदाड नाही, खूण नाही. दोन्ही बाजूंचं गवत एकमेकांत गुंतून वाळलं होतं, जणू कैक वर्षांचं.

ती परत गाडीपाशी आली. "ज्ञानबा, काळमाळवाडी कुठं गेली?"

म्हाताऱ्यानं सुरी थांबवली. "काळमाळवाडी… व्हय, हुती की." मग कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजी, असंल. तू कुटली गं पोरी?"

या माणसानं तिला कडेवर घेऊन कलिंगडाच्या फोडी चारल्या होत्या.

तिनं फोन लावला. लगेच उचलला गेला.

"आये, मी फाट्यावर हाय."

"आमी फाट्याकडंच तोंड करून बसलोय की. फाटा दिसंना. नुस्तं पानी दिसतंय." राजाबाईचा आवाज शांत होता, झोपेतून बोलावं तसा. "लई देखनं हाय गं. पांढरी पाखरं पान्यावर बसत्यात. त्यास्नी मानूस ठाव न्हाय, हातावर बी बसत्यात."

"आये, तिथनं हलू नका. मी नीट करते."

"तुजा बा वाडा हलवायचं म्हनतोय. हितं पाला न्हाय. पल्याड पांढरं माळरान दिसतंय. पानीच थिजलंय, त्याच्यावर मेंढरं चालत्यात."

फाईलमध्ये वस्ती होती. घरं, आड, देऊळ होतं. फाईल नीट केली तर ते सगळं परत येईल, एवढं तिनं मनाशी धरलं होतं. पण वस्तीतून निघून गेलेल्या माणसांचे बिंदू कुठल्या फाईलमध्ये शोधायचे? आणि धनगर म्हणजे पाला नसेल तिथं थांबणारा माणूसच नव्हे.

ती तशीच सोलापूरला परतली आणि तुमच्यासमोर उभी राहिली. बसा म्हणाला नाहीत. तिनं हात जोडले. तुम्ही पडदा तिच्याकडं वळवलात.

"इथं मला पाणी दिसतंय. समुद्रात टँकर पाठवू?"

खोलीतले सगळे हसले.

"साहेब, माणसं आहेत तिथं. माझी आई आहे."

"लेखी हरकत येऊ दे. वस्तीतल्या रहिवाशांच्या सहीनं."

हे तुम्ही खरोखर बोललात.

गुरुशांतनं नवी फाईल चढवून पाहिली. नकाशानं घेतली नाही. वस्ती अंतिम आहे, एवढंच पुन्हा पुन्हा उमटलं. पण मायाप्पाच्या फोनमधली वाट येत राहिली. मेंढरं कुठं चारायला गेली ते पोरीला कळावं, म्हणून तिनंच ती सोय करून दिलेली. बाप चालेल तशी रेघ नोंदली जायची आणि फाईल हिच्याकडे यायची. आता ती रेघ समुद्रातल्या ठिपक्यातून निघाली होती आणि सरळ वर, उत्तरेकडं चालली होती. रोज थोडी, मेंढराच्या चालीनं. कुठं वळण नाही.

"तंगी," गुरुशांत एका दुपारी म्हणाला, "ही वाट तर अंतिम नाही. हिचा रेखांश आधी घालून बघ."

तिनं घातला. रेघ नाहीशी झाली आणि जिल्ह्यावर येऊन पडली. माळशिरसातनं निघालेली, उसातनं, भीमेच्या पात्रातनं, लोकांच्या घरांतनं सरळ पूर्वेला. तिकडं बर्फावर ते उत्तरेला चालले होते. इकडं ते सोलापूरला येत होते, आणि रेघेचं टोक सात रस्त्यापाशी पोचलं होतं.

दोघं खिडकीशी धावले.

खाली सात रस्ता उन्हात वितळत होता. रिक्षावाले, उसाच्या रसाची गाडी, बुरख्यातली बाई, छत्रीतला वकील. मग रस्त्याच्या मधोमध एक रिक्षावाला दंड चोळायला लागला. त्याच्या शेजारच्या बाईनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला. गारवा गर्दीतून हळूहळू पुढं सरकत होता, लांबट, कळपाएवढा. लोक आपोआप बाजूला होत होते, कुणालाच कारण माहीत नव्हतं. ओल्या मेंढरांचा वास खिडकीपर्यंत आला.

"आबा!" सोनाली ओरडली. "आबा, हिकडं!"

गारवा थांबला नाही. तिच्या हाकेखालून पुढं गेला.

पडद्यावर रेघ वाढत होती. तुमच्या कचेरीच्या फाटकातनं आत. जिन्यापाशी. मग तुमच्या खोलीपाशी ती थांबली.

तिनं फोन लावला.

"आये, कुठं हाय तुमी?"

"बर्फात एक दार हाय गं," राजाबाई म्हणाली. "लाकडाचं. मागं भिंत न्हाय, काय न्हाय, नुस्तं दार. आत कुनीतरी बोलतंय."

"वाजवा, आये. जोरात वाजवा."

"वाजवतोय की. आतला मानूस गप झाला. जवळ आला, पायाचा आवाज आला. आतनं कडी घातली बघ."

त्यानंतर फोन लागलेला नाही. रेघही पुढं सरकलेली नाही.

साहेब, त्या दुपारी तुमच्या खोलीत तुम्ही एकटे होतात, फोनवर बोलत होतात. तुमच्या शिपायानं हे सगळ्यांना सांगितलंय. भर वैशाखात तुम्ही स्वेटर मागवलात, हेही सांगितलंय. दाराच्या फटीतून आत येणारं पाणी तो अजून रोज पुसतो.

कडी तुम्ही का घातलीत? उत्तर द्या.