टाकीचं झाकण कोणी उघडलं?

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पैज लावतो, बसूच शकत नाही.

कारण हे घडलं हौशीरामच्या बाबतीत. आणि हौशीराम म्हणजे घोडेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधला सगळ्यात नावाजलेला थापाड्या. आपण बिबट्याला बांधावर बसवून तंबाखूचा बार दिला, असं तो शपथेवर सांगायचा. वर म्हणायचा, "ठसका लागला राव त्याला. सवय नव्हती."

अशा माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकच खरी गोष्ट आली. आणि तेवढीच त्यानं कोणाला सांगितली नाही.

साल १९९९. कार्तिक महिना. वाडीवरून घोडेगावला जाणारा रस्ता. रस्त्यात एक चढ आहे, चढाच्या डोक्यावर वळण, आणि वळणाला करंजाचं जुनं झाड. वेळ दिवेलागणीची.

त्याच चढावर आदल्या वर्षी हौशीरामचा मुलगा गेला होता. गोरख. एकुलता एक.

गोरख रोज संध्याकाळी मोटरसायकलला दुधाचे कॅन लटकवून घोडेगावच्या डेअरीला जायचा. त्या दिवशी चढावर दगडांचा ट्रक रखडत चालला होता. गोरखनं त्याला ओलांडायला गाडी बाहेर काढली. अर्ध्यात आला आणि गाडीची ओढ गेली. वरून जीप येत होती...

ट्रकवाला पुढे आठवडाभर येईल त्याला सांगत होता, "पोरगं बरोबर निघालं व्हतं. मधीच गाडी बसली. जनावर बसावं तशी."

गाडीचा आरसा फुटला, हँडल थोडं वाकलं. बस, तेवढंच. माणूस गेला आणि गाडी राहिली.

लोक म्हणाले, विकून टाक. हौशीरामनं विकली नाही. हँडल सरळ करून घेतलं, उतारवयात गाडी शिकला, आणि गोरखचेच कॅन लटकवून दूध घालायला जाऊ लागला.

आणि मग गाडी त्याच्याशीही तसंच वागायला लागली.

त्याच चढावर. त्याच करंजापाशी.

आधी आवाज पातळ व्हायचा. एक्सलेटर कितीही पिळला तरी ओढ नाही. दोन आचके... आणि बंद.

हौशीरामनं चोक ओढून बघितला. कॉक रिझर्व्हला टाकला. प्लग काढून धोतराला पुसला, परत बसवला. किक मारून मारून पोटरीला गोळा आला.

काही नाही.

दमून तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. झाडावरची पाखरं नुकती गप्प झाली होती. खाली ओढ्यात पाणी होतं, पण त्याचाही आवाज येईना.

आणि मग...

फुस्स.

कोणीतरी दिवसभर कोंडून ठेवलेला श्वास सोडावा, तसं.

हौशीरामनं मान वळवली. रस्त्यावर कोणी नव्हतं. उठून त्यानं एक किक मारली. गाडी पहिल्या किकला चालू.

दुसऱ्या दिवशी तो घोडेगावात चांगदेव मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. चांगदेवनं आधी टाकीचं झाकण उघडलं, आत पेट्रोल बघितलं, बंद केलं. मग कार्बोरेटर सोडवून जेट फुंकला, फिल्टर झटकला, क्लचप्लेटा बघितल्या. गावातून दोनदा चक्कर मारून आला.

"बाबा, गाडी एक नंबर हाय," तो म्हणाला. "तुमचीच ओढ कमी झालीया."

"माझी ओढ तुझ्या सासूला विचार," हौशीराम म्हणाला. गॅरेज हसलं. तोही हसला.

संध्याकाळी गाडी करंजापाशी परत बसली.

परत सगळं गप्प. परत ते फुस्स.

या वेळी त्यानं झटकन मागं बघितलं. 

टाकीचं झाकण उघडं होतं.

ते झाकण चावीशिवाय उघडत नसे. चावी तर खाली, स्विचमध्ये लटकत होती.

आणि काढलेलं झाकण सीटवर ठेवलेलं होतं. उलटं करून.

गोरख तसंच ठेवायचा. उलटं. सीटला पेट्रोलचा डाग पडू नये म्हणून. हौशीराम त्याला चिडवायचा, "लग्नात सीट देणार हाय का बायकूला?"

 म्हातारा एवढंच म्हणाला,

"जेवलास का रं?"

 वारं नव्हतं, तरी करंजाचा पाला हलला. नुसता दुधाचा वास आला. आता तुम्ही म्हणाल, कॅन होते, वास येणारच. येणारच की. पण कॅन तर रिकामे होते. त्या दिवशी तो दूध न घेता, नुसती गाडी तपासायला चढावर आला होता.

मग रोजचंच झालं. गाडी बसायची. हौशीराम पाठ करून दगडावर बसायचा, कारण बघत राहिलं तर काही व्हायचं नाही. पाठ केली की फुस्स. तो वळायचा, झाकण उलटं.

त्या वेळात तो गोरखला सगळं सांगायचा. म्हैस व्यायली. चांगदेवला मुलगी झाली. तुझी आई भाकरी अर्धीच खाते.

एकदा त्याच्या मनात आलं. पोरगं रोज झाकणच का काढून ठेवतंय? काही दाखवतंय का?

त्यानं ते झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरलं.

झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी वरून हवा जावी, म्हणून. ते बुजलं तर टाकी आतून ओढून धरते, पेट्रोल खाली उतरत नाही. घरापासून चढापर्यंत यायचं तेवढ्यात गाडीचा दम कोंडतो. मिस्त्री तर आल्या आल्या झाकण उघडून बघतो, की फुस्स करून हवा आत. मग दोष सापडेल कसा?

भोक बुजलेलं होतं. चिखलानं नाही, गंजानं नाही.

हौशीरामनं बाभळीचा काटा घेतला आणि कोरलं. वाळलेली खपली निघाली. लाल आणि पिवळी. बोटाला थुंकी लावून त्यानं ती चोळली.

बोट लाल झालं.

आणि त्याला दसरा आठवला.

दसऱ्याला सगळी वाडी गाड्या धुते, हार घालते, हेडलाइटवर स्वस्तिक काढते. त्याची बायको कोंडाबाई मात्र झाकणावर हळदकुंकू लावायची. ओलं करून, चांगलं बोटभर जाड. "गाडी तिथनं पेट्रोल पिती, म्हंजी त्वांड तिथंच असणार," म्हणायची. "कपाळ सोडून दिव्याला कुंकू लावत्यात व्हय कुणी?" दर दसऱ्याला थरावर थर. आणि लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून ते कोणी पुसलं नाही.

गोरख गेला तो दसऱ्यानंतरच्याच पंधरवड्यात.

हे कोंडाबाईला कळलं तर?

ती आधीच अर्धी भाकरी खाते. मग तेवढीही खाणार नाही.

हौशीरामनं भोक लख्ख कोरलं. झाकण लावलं. मनाशी ठरवलं, हे आपल्याबरोबर सरणावर जाईल.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी चढ अशी चढली, जशी नवीन असताना चढायची. करंज आला, मागं गेला. हौशीरामनं मुद्दाम गाडी बंद केली, दगडावर पाठ करून बसला.

पाखरं ओरडत होती. ओढा वाहत होता.

बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. त्या आठवड्यात नाही. अमावस्या गेली, पौर्णिमा गेली. गाडीला काही झालंच नाही, तर पोरगं कशाला येईल?

एका दुपारी कोंडाबाई पाण्याला गेलेली बघून हौशीरामनं देवळीतला तिचा करंडा उघडला. चिमूटभर कुंकू घेतलं. पाण्यात कालवलं. आणि झाकणाचं भोक स्वतःच्या हातानं बुजवलं.

संध्याकाळी, चढावर, दोन आचके... आणि बंद.

तो पाठ करून बसला. 

फुस्स.

"आलास बाबा," हौशीराम म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

अशी वर्षं गेली. गाडी रोज करंजापाशी बसते, हे वाडीला कळलंच. लोक विचारायला लागले. मग हौशीरामनं एक थाप रचली. आयुष्यातली सगळ्यात मोठी.

त्या थापेत करंजावर एक बाई होती. हिरवं लुगडं, मोकळे केस, पाय उलटे. ती चालत्या गाडीची ताकद ओढून घ्यायची. दरवेळी तो बाईला नवीन दागिना चढवायचा. ऐकणारे हसायचे, पण दिवेलागणीला त्या रस्त्यानं एकटं जायला टाळायचे. त्याला तेच हवं होतं.

२००५ च्या चैत्रात असंच अंगण भरलं होतं. राजुरीहून गेणभाऊ, म्हणजे हौशीरामचा साडू, आला होता. एका बाजूला वाळवलेला हिरडा पसरलेला, आणि कोंडाबाई त्यातला काडीकचरा निवडत बसलेली.

"पावणं, तुमाला पटायचं न्हाई," हौशीरामनं सुरुवात केली. बाई आली, लुगडं आलं, नथ आली, जोडवी आली.

"मागच्या साली तिच्या पायात जोडवी न्हवती," गेणभाऊ म्हणाला.

"लगीन झालं तिचं मधी," हौशीराम म्हणाला. अंगण हसलं. मग त्यानं आवाज खाली आणला. "आमच्या गोरखची गाडी बी तिनंच बसवली. म्हणून सांगतो, त्यात माणसाची कुणाची चूक न्हवती. कुणाचीच न्हाई."

बोलताना त्यानं कोंडाबाईकडे बघायचं टाळलं.

हिरड्यातून फिरणारा तिचा हात थांबला.

"खोटं," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण अंगणभर ऐकू गेला.

"तिथं बाई-बिई काय न्हाई. माझ्या करंड्यातलं कुंकू कमी व्हतंय, ते मला दिसत न्हाई व्हय? गोरख जायच्या आदल्या दिशीच मला म्हणला व्हता. आय, तुझ्या कुंकवानं गाडीचा दम कोंडतोय, रोज करंजापाशी झाकण काढावं लागतंय, पुसू का? मीच म्हणलं, कुंकू पुसू नये बाळा."

तिनं पदराला हात पुसले.

"उद्यापासनं म्या लावते. तुमचं लई पातळ व्हतंय. आन् मागं बसून मला बी यायचंय."