सात वाजून चौदा मिनिटांचा तारा

"कुणाचाही विश्वास बसणार नाही," असं बजावूनच मामाने भाचीला गोष्ट सांगायला घेतली.

एक घड्याळजी होता. नदीच्या अलीकडे त्याचं दुकान. पलीकडे चष्म्याच्या दुकानात एक मुलगी डोळे तपासायची. एका स्क्रूचे दोन दिसायला लागले, म्हणून तो तिच्याकडे गेला.

"वरची ओळ वाचा."

"वाचतो… पण तुम्ही जरा बाजूला व्हा."

"मी कुठे मध्ये आलेय?"

"नजर तिकडेच जाते, त्याला काय करू?"

"मग नंबर नक्कीच वाढलाय," ती म्हणाली. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्यानंतर चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून तो चार वेळा गेला. सैल तोच करायचा, स्क्रूतला कारागीर ना! पाचव्या वेळी ती दांडीचा स्क्रू पिळता पिळता म्हणाली, "सोमवारी मी निघाले. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय." मग अगदी हळू — "कुणी थांब म्हणालं… तर गोष्ट वेगळी."

घड्याळजी सरळ बोलेल तर शपथ!

"रविवारी संध्याकाळी सात चौदाला गच्चीवर जा. उत्तरेला बघा. एक उपग्रह जातो, त्याच्या आरशासारख्या पत्र्यावर ऊन पडलं की आठ सेकंद असा पेटतो, की शुक्रानं मान खाली घालावी. तो पेटला, की समजा मी म्हणतोय… थांब."

"मी बसने तासभर लांब राहते हं."

"आभाळ तर एकच आहे!"

"आणि नाही पेटला तर?"

"माझं गणित चुकत नाही."

"बघू," ती हसली. "नाही पेटला, तर थट्टा समजेन."

रविवारी तो पेटला! असा पेटला, की गच्चीवरच्या मांजराची सावली पडली, कोंबडे आरवले आणि घड्याळजीने त्या उजेडात सुईत दोरा ओवला.

ती मात्र तिच्या गच्चीवर मान अवघडेपर्यंत उभी. आभाळ कोरं.

घरात येऊन त्याने हिशेबाचा कागद पाहिला. वर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं — 'माझी गच्ची'. तो झगमगाट जमिनीवर जेमतेम दहा किलोमीटरच्या पट्ट्यात दिसतो. सात वर्षं तो एकाच गच्चीसाठी गणित मांडत आला होता. वेळ सेकंदाला बरोबर, जागा चुकलेली. जन्मभर घड्याळंच पाहिलेल्या माणसाला जागेचं भान कुठलं!

आता फक्त जाऊन कबूल करायचं होतं… चुकलो.

"मग काय, सुटला तो धावत!" मामाने नाकावरचा चष्मा सारखा केला, दांडी सैल होती. "पण नशीब बघ! त्याच रात्री महापूर आला आणि नदीवरचा पूल वाहून गेला. अख्खा! तिकडे सोमवारची गाडी—"

"थापा मारू नकोस, मामा," भाची म्हणाली. "आत्ता त्याच पुलावरून आले मी. आजीच्या जन्माआधीचं साल कोरलंय त्याच्या कमानीवर… तू गेलाच नाहीस."