शेजारीण जांभळी झाली

"आधी रिकाम्या प्लेटवर विश्वास ठेवायचा, भरलेल्यांवर मग," प्रयोगशाळेतल्या बाई सांगायच्या. त्यांच्या हाताखाली शिकलेलं ते पहिलं वाक्य घेऊनच ती मामाच्या नर्सरीत आली होती.

हरितगृहातली टोमॅटोची रोपं दुपार झाली की माना टाकत, तेही हिरवीगार असताना. तिनं एक देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरला. कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरली. जीवाणूंमुळे होणारा मर रोग. आठवड्यात आटोक्यात आला नाही तर सगळी रोपं उपटून जाळा, असं अधिकारी सांगून गेले होते. रोपं गेली की नर्सरी गेली, हे मामानं सांगायची गरज नव्हती.

तिनं त्याला समजावलं. एकटादुकटा जीवाणू फारसं काही बिघडवत नाही. पण प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो, 'मी आहे, मी आहे' म्हटल्यासारखं. दाटी वाढून ते साचलं की सगळ्यांना एकदम कळतं, आपण पुरेसे झालो. मग सुटं जगणं सोडून ते एकमेकांना चिकटतात, देठाच्या नळ्यांत बुळबुळीत थर बांधतात, आणि रोप तहानेनं मरतं. तिची फवारणी ते रसायनच मोडून टाकायची.

"म्हणजे सभा भरूच द्यायची नाही. शाब्बास, शास्त्रीणबाई," मामा म्हणाला.

तपासणीसाठी तिनं प्रयोगशाळेतून आणलेल्या प्लेटांमध्ये निराळेच, निरुपद्रवी जीवाणू होते. ते बोलत नाहीत, नुसते ऐकतात. हाक कानावर आली की जांभळे होतात. प्रयोगशाळेत त्यांना शेजारीण म्हणत. हे ऐकून मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. आमचीही नुसतं ऐकून जांभळी होऊन बसली असती तर किती बरं झालं असतं, म्हणाला.

फवारणी लागू पडली. देठाचा तुकडा ठेवलेली प्लेट पांढरीच राहिली. ग्लासातलं पाणी नितळ. भर दुपारी रोपं ताठ उभी, आणि मामा शीळ घालत वाफ्यांमधून फिरत होता.

फक्त रिकामी प्लेट, जिच्यात देठ ठेवलाच नव्हता, एका कडेनं जांभळी झाली होती.

आपलाच काहीतरी हलगर्जीपणा, तिला वाटलं. तिनं हात धुतले, नवी प्लेट घेतली, झाकणाला चिकटपट्टी लावून टेबलावर ठेवली. तीही जांभळी झाली. टेबलाच्या ज्या अंगाला माणसं चहा प्यायला बसत, त्या कडेनं. तिनं प्लेट फिरवून ठेवली. दुसऱ्या सकाळी रंग पुन्हा माणसांकडच्या कडेला.

सुट्टीच्या दिवशी पॅकिंगच्या दोघी आल्या. आज कशाला, असं विचारल्यावर एकमेकींकडे बघून हसल्या. घरी करमेना म्हणाल्या. मग टेम्पोवाला आला, बायकोला घेऊन. मग मामाचा मुलगा, जो भांडून गेल्यापासून इकडे फिरकला नव्हता. मामानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला. दोघांचे चेहरे उजळले होते. टेम्पोवाल्यानं एक विनोद सुरू केला. शेवट यायच्या आधीच सगळे एकदम हसले, तोही.

हरितगृहात जागा भरपूर होती. तरी सगळे मधल्या वाटेवर खांद्याला खांदा लावून उभे.

"मामा, तू बोलावलंस यांना?"

"मी कुठे. आले आपले."

तिनं प्लेट पाहिली. या कडेपासून त्या कडेपर्यंत जांभळी.

भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते निराळंच, तापात कपाळावर कुणी गार हात ठेवावा तसं. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली. मामाचं कोपर तिच्या कोपराला टेकलं. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"ताई तेवढी राहिली," मामा म्हणाला. ताई म्हणजे तिची आई, त्याची थोरली बहीण. "घेऊन ये तिला. ती आली की आपण पुरेसे होतो."

"आणते," ती म्हणाली.

तो शब्द सगळ्यांच्याच ओठांवर हलला.

तिनं गाडीची किल्ली घेतली. दारातून मागे वळून पाहिलं. तिची जागा कुणी भरली नव्हती. उलट सगळे थोडे थोडे सरकले होते, आणखी एकीपुरते.

आवाज न करता चपला घालून ती आईला आणायला निघाली.