आईची उचल

वेताळगडाच्या माथ्यावर तांबडे फुटले, नगारखान्यात पहाटेची नौबत झडली आणि त्या आवाजासरशी खाली नारवलीच्या खाडीकाठी पसरलेल्या नारळी-पोफळींच्या आगरांतून कावळे उठले. हे रोजचेच. पण त्या दिवशी कावळ्यांमागून रहाटांची कुरकुर काही ऐकू आली नाही. ज्या हातांनी ते रहाट ओढायचे, ते हात हरबाजी नाईक सरखोतांच्या अंगणात ओळीने उभे होते. धनी वारले होते, तेराव्याचे गोडाचे जेवण उरकले होते, आणि आज आगरे, गुरे, गलबते यांच्याबरोबर या माणसांचीही दोन मुलांत वाटणी व्हायची होती.

हरबाजी नाईक म्हणजे नारवलीची बडी आसामी. सुभ्याच्या कचेरीत त्यांना बसायला गादी, देवळात पहिला प्रसाद, खाडीत स्वतःची गलबते. आणि ही सारी लक्ष्मी उभी कशावर, तर दुष्काळात पायलीभर नाचणीला विकत घेतलेल्या पोरांवर, बंदरात उतरवून घेतलेल्या परमुलखीच्या गड्यांवर आणि घरातल्या कुणबिणींवर. विकत घेतलेल्या बाईला तेव्हा कुणबीण म्हणत. तिच्या पोटची लेकरेही धन्याचीच. नाईक मोठे धर्मशील, उभ्या जन्मात एकादशी चुकली नाही. देव त्या उपासांचे काय करीत असेल ते देवच जाणे.

त्या घरात बकुळी नावाची कुणबीण होती. नाईकांची पहिली बायको वारली आणि परकरी पोर असलेली लाडूबाई दुसरेपणावर आली. तिला न्हाऊ घातले बकुळीने, माहेरच्या आठवणीने रडली तेव्हा पाठीवरून हात फिरवला बकुळीने. पुढे बकुळीला मुलगी झाली, तुळी. तुळीचे रुंद कपाळ आणि जुळलेल्या भुवया कोणाच्या, हे साऱ्या गावाला दिसत होते. बोलत कोणीच नव्हते, कारण मोठ्यांच्या घरचे दिसते तेवढे बोलायचे नसते, ही आपली जुनीच रीत.

आता नारवलीची वाटणी कशी होई, ते आधी ऐका. अंगणात दोन घोंगड्या अंथरायच्या. थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, म्हणजे थोरला वाटे सारखे घालतो. एका आगराबद्दल एक नारळ, भातखाचराबद्दल मूठभर भात, गुराबद्दल दावे, गलबताबद्दल वल्हे. आणि कुणबिणीबद्दल ती रोज पाणी आणते ती मातीची घागर. पण त्याही आधी विधवा आईचा मान. कोणत्याही घोंगडीवरची एक वस्तू तिने उचलावी, ती तिची. त्याला आईची उचल म्हणत. एकच वस्तू, आणि हात लागला की बदल नाही.

रीत चांगली होती, माणसे नव्हती. थोरला गोमाजी आणि धाकटा सुभानजी यांनी आतल्या आत आधीच ठरवून टाकले होते. सुभानजीला हवी होती बंदराची वहिवाट, आणि ती होती गडाच्या हवालदाराच्या हातात. हवालदाराने एकदा गडावर ताडगोळे घेऊन आलेल्या तुळीला पाहिले होते. तेव्हा सौदा असा जुळला की तुळीची घागर सुभानजीच्या घोंगडीवर पडावी, संध्याकाळी तुळी गडावर चढावी आणि बंदर सुभानजीच्या खाली यावे. मोबदल्यात गोड्या विहिरीचे आगर गोमाजीला, आणि बकुळीही त्यालाच. सावत्र आईची आठवण दोघांनाही झाली नाही. ती फार तर देव्हाऱ्यातली चांदी उचलील, नाहीतर पोटापुरते एखादे आगर. त्याने काय बिघडते?

पण भिंतीला कान असतात, आणि ज्या घरात कुणबिणी राबतात तिथे तर ओसरीपासून माजघरापर्यंत सगळ्याच भिंतींना; बकुळीच्या कानी सौदा आला होता. आदल्या दिवशी दुपारी विहिरीवर लाडूबाईने बकुळीला गाठले. आपण दुसरे काही उचलणार नाही, तुझी घागर उचलणार आणि तुला मोकळी करणार, असे ती म्हणाली. मोकळे करण्याचा विधी गावाने वाडवडिलांच्या तोंडून ऐकला होता, पाहिला मात्र कोणी नव्हता: धन्याने कुणबिणीची घागर चारचौघांत फोडायची, तिच्या माथ्यावर अक्षता टाकायच्या आणि तीनदा म्हणायचे, ‘तू कोणाची नाहीस, तुझी तू.’

बकुळीने पोहरा काठावर ठेवला.

“माझी नको, बाई. तुळीची उचला.”

“आणि तू?”

“मला सवय आहे. तिला गडावर नेतील. तिथून बाई परत येत नाही, आणि आली तरी तिला कोणी दारात घेत नाही.”

लाडूबाई तिथेच विहिरीच्या पायरीवर बसून रडली. तिला आईसारखी होती ती बकुळीच, आणि तिलाच मागे टाकायला बकुळी सांगत होती. बकुळी काही रडली नाही. घागर भरून, चुंबळ नीट करून ती घराकडे गेली, कारण स्वयंपाकाला पाणी हवे होते.

आणि आज अंगणात गोताची मजालस, म्हणजे सभा, भरली. गोताचे वडील रामाजी ठाकूर मधोमध बसले. भालाइत शिपाई घेऊन आलेला गडाचा हवालदार उजवीकडे, जणू सहज आला असावा असा मिशांवर हात फिरवीत. घोंगड्या भरल्या. थोरल्या घोंगडीवर काठ उडालेली बकुळीची जुनी घागर, धाकट्या घोंगडीवर तुळीची नवी. मायलेकी मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. तुळीने आईचा पदर मुठीत धरला होता आणि बकुळी तो हळूच सोडवू पाहत होती.

ठाकुरांनी आईच्या उचलीचा पुकारा केला, तशी गोमाजीने कुरबूर केली, की सावत्र आईला उचल कसली? ठाकूर वयाने वाकलेले, पण जिभेने ताठ.

“हरबाजींच्या नावाने जिने कुंकू पुसले ती आई. सख्खे-सावत्र तुम्ही घरात मोजा, गोतात नाही. मातोश्री, यावे. एक वस्तू उचलावी, गोत साक्ष आहे.”

लाडूबाई डोक्यावरचा पदर सावरीत उंबऱ्याबाहेर आली. गोड्या विहिरीच्या नारळाशी तिची पावले अडखळली. तो नारळ म्हणजे जन्माची भाकरी होती, हे तिला पुरते ठाऊक होते. तिथून ती बकुळीच्या घागरीपाशी आली आणि थांबली. तिचा हात पुढे झालाही असता. तिने वर पाहिले. बकुळीने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग लाडूबाई वळली, धाकट्या घोंगडीवरची नवी घागर तिने दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणातल्या जात्याच्या दगडी पेडावर आपटली. खापऱ्या हवालदाराच्या जोड्यापर्यंत उडाल्या. ओच्यातल्या अक्षता काढून तिने तुळीच्या माथ्यावर टाकल्या आणि साऱ्या गोताला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा म्हणाली, “तू कोणाची नाहीस, तुझी तू.”

सुभानजी ताडकन उठला. हवालदारसाहेबांना आपण शब्द दिला आहे, हे त्याच्या तोंडून निघून गेले आणि मग त्याने जीभ चावली.

“शब्द तुम्ही दिलात, सुभानराव, तो तुम्ही फेडा,” लाडूबाई म्हणाली. “पोर तुमची नव्हे. ती तुमच्या वडिलांची आहे. आपल्या बहिणीला गडावर चढवून तुम्ही बंदर घेणार होतात, हे गोताला कळू दे.”

जे साऱ्यांना दिसत होते ते प्रथमच कोणीतरी बोलले होते. हवालदाराचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. ठाकूर जागचे न हलता म्हणाले, “हवालदारसाहेब, घागर फुटली. जी आता कोणाच्याच वाट्यात नाही, ती आपल्या वाट्याला कशी यावी?” पाच गावांचे गोत समोर बसले होते, हवालदाराने मूठ सोडली आणि तो आपले भालाइत घेऊन गड चढून गेला.

पण वाटणी व्हायची ती झालीच. थोरल्या घोंगडीबरोबर काठ उडालेली घागर आत गेली आणि घागरीमागून बकुळी. उंबऱ्यात तिने मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर तुळी धावत आली असती, आणि ते तिला नको होते.

लाडूबाईला त्या घरात पुन्हा पान वाढले गेले नाही. ती तुळीला घेऊन खाडीपार थेरवलीला गेली; ते गाव दुसऱ्या तर्फेत, या गडाच्या अंमलाबाहेर. नाईकांची अस्तुरी आणि त्यांची लेक एका झापाच्या खोपटात राहून सुंभ वळू लागल्या. तुळीने आमच्या हद्दीत पाऊल टाकले तर धरून ठेवू, असा निरोप गोमाजीने पाठवला होता. तेव्हा मायलेकींच्या मध्ये खाडी राहिली. बकुळी रोज संध्याकाळी अलीकडच्या तीरावर येई, घागर विसळी आणि काळ्या खडकावर घटकाभर उपडी घालून ठेवी. पलीकडून तुळी ती घागर पाही आणि मग चूल पेटवी. असे कितीतरी पावसाळे गेले. हवालदार बदलले, सुभानजीला बंदर मिळाले नाही, लाडूबाईचे केस पांढरे झाले.

मग एका संध्याकाळी खडक रिकामा राहिला. तुळी अंधार पडेपर्यंत उभी होती. तिने चूल पेटवली नाही. सकाळी तरीवाल्या कोळ्याने निरोप आणला.

ओहोटीला तुळी आणि लाडूबाई होडीने अलीकडे आल्या. ‘धरून ठेवू’ म्हणणारा गोमाजी आता काठी टेकीत सरणाजवळ उभा होता; त्याने तुळीला पाहिले आणि नजर खाली घातली. सरणाभोवती मडके घेऊन फिरायला बकुळीला मुलगा नव्हता. तुळी पुढे झाली, तसे बाईमाणसाने हे करू नये, असे कोणीतरी पुटपुटले.

“करू द्या,” गोमाजी म्हणाला. “तिची आई आहे.”

“हे मडके नको,” तुळी त्याला म्हणाली. “तिची घागर द्या.”

ती घागर अजून गोमाजीच्या वाट्यातली होती. त्याने माणूस धाडून ती आणवली आणि स्वतःच्या हाताने तुळीच्या खांद्यावर ठेवली. तुळी सरणाभोवती तीन फेरे फिरली. मग तिने घागर दगडावर फोडली आणि आईच्या कपाळावर अक्षता टाकल्या.

“तू कोणाची नाहीस, तुझी तू,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज गेला. तिसऱ्यांदा दोघींनी मिळून म्हटले, तिने आणि लाडूबाईने.

मग तुळीने सरणाला अग्नी दिला.