अकरा रोपं आणि एक शिंपी

"कात्री खाली ठेवा!"

शेजारी आठवड्यापूर्वीच राहायला आलेला शिंपी दचकला. गवतावर अजून दव होतं, आणि हा माणूस हातात कात्री घेऊन दोन घरांमधल्या कुंपणाशी वाकला होता. त्याचे डोळे... छान होते. तिने तेही संशयास्पद ठरवले.

ती विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. कुणी नुसतं नाव सांगितलं तरी तिला कागद बघावासा वाटे. आज नुकसान तिच्याच घरचं होतं. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला जाताना आई परसातले वाटाणे तिच्यावर सोपवून गेली होती. बावीस वर्षं आई तेच बियाणं धरत आली होती. यंदा जेमतेम अकरा रोपं उगवली. आईचा नियमच होता, हे बियाणं घराबाहेर जायचं नाही. मग आता मागायचं तरी कुणाकडे? कारण अकरातली सात रोपं बुंध्याशी छाटलेली होती.

"काप बघा," ती म्हणाली. "स्वच्छ, तिरका. हे कात्रीचंच काम."

"अहो, तुमच्या तारेत माझी बाही अडकलीय. दोरे कापून सोडवत होतो."

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

तो हसला. "माझा काप इतका तिरका गेला तर गिऱ्हाईक दारात उभं राहील का? हे रानसशाचं काम. त्याचे दातच तसे असतात. आणि ह्या बघा लेंड्या."

"सशांबद्दल बरंच ठाऊक दिसतंय तुम्हाला!"

"हाही गुन्हाच का?"

दुसऱ्या दिवशी तो बारीक जाळीचं भेंडोळं घेऊन आला. भुरभुर पावसात त्याने उरलेल्या चार रोपांभोवती चर खणला, आणि तिने त्याला बियाण्याबद्दलचा आईचा नियम ऐकवला. "वीतभर खाली पुरायची आणि तळ बाहेरच्या बाजूला दुमडायचा. ससा उकरायला लागला की त्याला जाळीच लागते." दुमड घालताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. तिचे कान तापले... पण संध्याकाळी ती पुन्हा विचारात पडली. इतकं फुकट कोण करतं?

रोपं वाचली. फुलली. शेंगा धरल्या. ससे तिच्या परसात यायचेच बंद झाले. मात्र रोज सकाळी शिंपी झाकलेली टोपली घेऊन मागच्या अंगणात जायचा, आणि तिची चाहूल लागली की गप्पा मारता मारता टोपलीसमोर उभा राहायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं!

शेवटी शेंगा वाळल्या. ती पायरीवर बसून दाणे सोलत होती, तेवढ्यात पलीकडून कुरूम-कुरूम ऐकू आलं. दाणे मुठीत तसेच घेऊन ती एव्हाना वेलींनी झाकलेल्या कुंपणावरून बघायला स्टुलावर चढली. त्याच्या अंगणात तीन रानससे मजेत चरत होते, आणि तो टोपलीतून त्यांना हिरवा पाला टाकत होता.

तरीच! म्हणजे ससे याचेच. तिला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्याच्यावर विश्वास ठेवायला ती नुकतीच लागली होती.

"तुम्हीच पाळलेत ना हे? खोटं बोलू नका."

ससे पळाले. तो मात्र तिथेच उभा राहिला. "पाळले नाहीत... लाडावले. लसूणघास पेरलाय त्यांच्यासाठी. इथेच पोट भरलं की तुमच्या रोपांकडे फिरकणार नाहीत."

"जाळी होती की त्याला!"

"होती."

"मग?"

तो मान खाली घालून टोपलीची काडी सोलत राहिला. "ससे गेले असते, तर तुम्ही माझ्यावर संशय घ्यायला कशाला आला असतात? मला... तुमच्या संशयाची सवय लागलीय. तुम्ही आवडता मला."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, दावा तपासताना पाहायची तसं. कुठेच खोट सापडेना.

"हात पुढे करा."

त्याने केला. तिने कुंपणावरून मूठ त्याच्या तळव्यावर उघडली. पाच सुरकुतलेले वाटाणे.

"अहो, पण हे बियाणं घराबाहेर जात नाही म्हणालात ना?"

"नाहीच जात," ती म्हणाली, आणि तिचा हात तिथेच राहिला. "उद्या आई येतेय. तो फाटक्या बाहीचा सदरा तेवढा घालून येऊ नका."