येते म्हणून गेलेली बाई

कुणाच्या घरी जायचं तर आधी बाहेरून हाक द्यावी. पायातलं काढावं. कडी वाजवावी. आतून "या" म्हणाल्यावर मग उंबरा ओलांडावा.

एवढंही वळण नसलेली माणसं चतुराबाईला डोळ्यासमोर नको असायची.

आणि ही तर रोज यायची. न सांगता, न विचारता, भर दुपारी.

बसायची नाही. पाणी मागायची नाही.

नुसती भिंतीपाशी उभी राहायची…

ज्याला खोटं वाटतं त्यानं पुंडलिकनगरात येऊन ती भिंत बघावी. घर तिथंच आहे, आणि चतुराबाईही आहे. २०११ साली, एप्रिल-मे महिन्यात हे घडलं. रात्रीचं यात काहीच नाही. जे झालं ते दुपारी अडीच ते चारच्या लोडशेडिंगमध्ये, लख्ख उन्हात.

चतुराबाई मूळची पिशोरची. दुसरीत शाळा सुटली, पण गावात लग्न असो की मयत, रीतभात तिला विचारूनच व्हायची. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

त्या मार्चच्या शेवटी डॉक्टरांनी तिची उजवी छाती काढली. गाठ कॅन्सरची निघाली होती. वय बासष्ट.

ऑपरेशननंतर काखेपासून कोपरापर्यंत हात बधीर झाला. चिमटा काढला तरी कळायचं नाही. आतलंही तसंच झालं होतं. पोरगा बद्रीनाथ खाटेपाशी बसून रडला, तर ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. हा कशाला रडतोय, असं.

शेजारच्या खाटेवर अमिना होती. कन्नड गावची. चाळिशीची. ब्लाऊज शिवून घर चालवायची. तिची डावी बाजू काढलेली, त्याच दिवशी. दोघींच्या कुशीतून नळी निघालेली, नळीच्या टोकाला प्लास्टिकची बाटली, बाटलीत लालसर पाणी. ती हातात धरून फिरायची लाज वाटते म्हणून अमिनानं खाटेवर बसल्या बसल्या एका हातानं दोन पिशव्या शिवल्या. गळ्यात अडकवायच्या. चालताना नळीचा चिमटा बाटलीवर आपटायचा.

टक… टक… टक…

व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, जिथं थांबतील तिथं खूण करायची. दुसऱ्या दिवशी खूण ओलांडायची. पेन्सिल कुणाकडंच नव्हती. अमिनानं पर्समधून टेलरचा निळा खडू काढला. चपटा, साबणाच्या वडीसारखा.

"मावशी, माझी खूण वर गेली बघा."

"जाईल की. तू बांबूसारखी उंच. त्यात काय मोठेपणा?"

अमिना हसायची. त्या वॉर्डात हसणारी ती एकटीच.

पाच एप्रिलला तिला सुट्टी मिळाली. भाऊ हैदर न्यायला आला होता. ती चतुराबाईच्या खाटेपाशी आली.

"चला मावशी, जाते मी."

"जाते काय म्हणती गं? बाईमाणसानं जाते म्हणू नाय. येते म्हणावं."

आया साळूबाई तिथंच फरशी पुसत होती. तिचा हात थांबला.

"अहो बाई, दवाखान्यातून निघताना येते म्हणत नसतेत. इथून जातेच म्हणायचं."

"तू फरशी पूस. मला बोलाया शिकवू नको."

साळूबाईचं खरं होतं. चतुराबाईला ते लहानपणापासून ठाऊक होतं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, एवढंच. पण सगळ्या वॉर्डासमोर शब्द मागं घ्यायचा? तो तिनं उभ्या जन्मात कधी घेतला नव्हता.

अमिनानं एकदा साळूबाईकडं बघितलं, एकदा चतुराबाईकडं.

"बरं मावशी. येते."

"हां. असं."

टक… टक… करत ती गेली.

दोन दिवसांनी चतुराबाई पुंडलिकनगरात पोराच्या घरी आली. बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत, सून वच्छला अंगणवाडीत. दुपारी घरात ती एकटी.

बद्रीनाथनं तिचा डावा हात भिंतीवर सरळ वर धरायला लावला आणि बोटांच्या टोकाशी लाल रेघ मारली. उजवा हात तिथवर जायला पाहिजे होता, सतरा मेच्या आत. सतराला रेडिएशनचे शेक सुरू होणार होते. मशीनखाली हात डोक्याच्या वर घेऊन पडावं लागतं. हात गेला नाही तर शेक देता येत नाहीत. आणि शेक नाही मिळाले तर काय, ते डॉक्टरांनी बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं. चतुराबाईनं ते ऐकलं होतं.

तेव्हाही तिला काही वाटलं नाही.

दिवस सगळे सारखेच. सकाळी वच्छला बाटलीतलं पाणी मोजायची. मग गोळ्या, मग पेज. मग भिंत. बोटं खांद्याच्या वर जेमतेम चढायची आणि थांबायची. चतुराबाई पेन्सिलीनं खूण करायची आणि आडवी व्हायची.

पहिल्याच दुपारी लाईट गेली. पंखा गरगरत थांबला. फ्रीजचा आवाजही मेला.

आणि दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्या…

आधी एक. मग दुसरी.

"कोण हाय?"



ती उठून दारापर्यंत गेली. बाहेर एकही चप्पल नव्हती. उन्हानं तापलेली रिकामी फरशी.

माघारी वळली तर भिंतीवर तिच्या पेन्सिलीच्या खुणेशेजारी, डाव्या अंगाला आणखी एक खूण…

निळी. तिरपी. तिच्यापेक्षा दोन बोटं वर.

संध्याकाळी वच्छला घरी येते न येते तोच चतुराबाईनं तोंड सोडलं.

"मला पोरासारखी शिकवती व्हय? अंगणवाडीचे खडू आणून भिंती रंगवायच्या, म्हणजे म्हातारी चिडून हात वर करील?"

"आत्या, मी कशाला रंगवू? आमच्याकडं पांढरे खडू येतात. तेबी अर्धे तुटलेले."

"मग काय पाल लिहून गेली?"

वच्छला पदर खोचून स्वयंपाकाला लागली. सासूला उलटून बोलायची सवय तिला नव्हती.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईनं ईर्ष्येनं बोटं चढवली. निळी खूण ओलांडली. दुपारी लाईट गेली. चपला वाजल्या. आणि डोळा लागून उघडेपर्यंत निळी खूण पुन्हा दोन बोटं वर गेलेली.

असं रोज चाललं. हिची खूण वर जायची, निळी तिच्याही वर चढायची. चतुराबाई सुनेला शिव्या घालायची आणि हात वर न्यायची. व्यायामाची पोरगी तपासायला आली तर तोंडात बोट घालून म्हणाली, "आजी, एवढा हात एवढ्या लवकर कुणाचाच वर येत नाही."

अठरा एप्रिलला नळी निघाली. बाटली गेली. अमिनानं शिवलेली पिशवी धुऊन खुंटीला टांगली.

बावीस तारखेला दुपारी लाईट गेली. ती भिंतीकडं पाठ करून पडली होती. चपला वाजल्या, आणि मग खोलीत…

टक… टक… टक…

चतुराबाईचा हात आपोआप छातीवर गेला. गळ्यात काही नव्हतं. कुशीला नळी नव्हती. पिशवी खुंटीला, रिकामी.

मग ही कुणाची वाजतेय?

आवाज भिंतीपाशी गेला. थांबला. मग दुसरा आवाज सुरू झाला, अगदी बारीक. बोटांच्या टोकांचा. एकेक बोट भिंतीवर टेकत, वर… वर…

ती वळली नाही. लाईट येईपर्यंत ती तशीच पडून राहिली. भीती वाटली का, असं पुढं कुणी विचारलं तर ती म्हणायची, भ्यायला आत काही तरी शिल्लक लागतं.

पण त्या दिवसापासून तिनं वच्छलेला टाकून बोलणं सोडलं. निळा खडू कुणाचा, ते तिला कळलं होतं. ते तोंडातून काढायचं मात्र नव्हतं.

मे उजाडला. बोटं लाल रेघेपासून चार बोटांवर आली. निळी खूण रेघ ओलांडून वर गेली होती. चौदा तारखेला चतुराबाईनं दवाखान्याच्या फाईलीत जपलेली चिठ्ठी काढली. अमिनानं त्यावर नंबर लिहून दिला होता. वच्छलेनं फोन लावून दिला.

हैदरनं उचलला.

"मी चतुराबाई बोलते. पिशोरची. अमिनाला द्या जरा."



"मावशी… आपा तर गेली. घर आयी उसके दूसरेच दिन. दुपारची वेळ होती. भिंतीपाशी उभी राहिली, हात वर केला आणि खाली बसली. बस. उद्या चालीसवां आहे तिचा, चाळिसावा दिवस."

चतुराबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"तुमचीच बात करत होती," हैदर म्हणाला. "मावशीला येते बोलून आले, जाना पडेगा, म्हणत होती."

सहा एप्रिल. चतुराबाई या घरात आली त्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी तिनं भिंतीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. हात आखडायला लागला. काख ओढायला लागली. बद्रीनाथ ड्युटीवर जाताना हात जोडून म्हणाला, "माय, दोनच दिवस राहिलेत गं." ती त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिली.

रविवार होता. वच्छला गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. अडीचला लाईट गेली.

चतुराबाई स्वतःहून उठली आणि भिंतीसमोर उभी राहिली. उजवा हात टेकला. बोटं चढवली. चार बोटं कमी. तिथंच अडकली. दातओठ खाल्ले. इंचभर सरकेना.

बाहेर चपला वाजल्या. आधी एक. मग दुसरी.

टक… टक…

शेजारी येऊन थांबलं. डाव्या अंगाला, अगदी जवळ. औषधाचा वास आला, आणि नव्या कापडाचा.

आणि मग तिच्या उजव्या काखेखाली, जिथं सुई टोचली तरी कळत नव्हतं तिथं, तिला बोटं लागली…

गार. पाचही.

दीड महिन्यात पहिल्यांदा तिला तिथं काही कळलं.

बोटांनी हात उचलला. तीन बोटं कमी… दोन… एक… लाल रेघ. हात रेघेला लागला.

ती बोटं थांबली नाहीत.

हात रेघेच्या वर गेला. खांदा ताणला. टाक्यांची जागा फाटते की काय असं झालं. तिच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या… ती चवड्यांवर आली… आणि तिनं मान वर करून बघितलं.

निळी खूण छताला टेकली होती. शिडी लावल्याशिवाय माणूस पोचणार नाही, अशा ठिकाणी.

पुढचं आधीच सांगून ठेवलेलं बरं. सतरा तारखेला चतुराबाई हात डोक्यावर घेऊन मशीनखाली पडली. पंचवीस शेक झाले. आज ती पंचाहत्तरी ओलांडून बसली आहे. भिंतीला दोनदा रंग दिला, पण छताखाली ती निळी तिरपी रेघ पुन्हा वर येते. अमिना तिचा हात वर नेत होती की तिलाच नेत होती, हे कुणालाच सांगता आलेलं नाही. लाईट गेली की चतुराबाई आजही बोलता बोलता थांबते आणि दाराकडं कान लावते. तिथं काय ऐकू येतं, ते सांगत नाही.

पण त्या रविवारी गच्चीवरून उतरलेल्या वच्छलेनं दारातून जे बघितलं आणि ऐकलं, ते असं. सासूच्या दोन्ही टाचा अधांतरी. हात छताकडं ताणलेला. शेजारी कुणी नाही. आणि ज्या बाईनं उभ्या जन्मात शब्द मागं घेतला नव्हता, ती शेजारच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून, घसा खरवडून म्हणत होती,

"अमिना, सोड. चुकी माझी हाय. त्या दिवशी तुझंच बरोबर होतं… आता जाते म्हण."