चोविसाव्या चित्राची मोजदाद

रविवार, १९ जानेवारी २०२५. पहाटे बारा अंश. नदीवर नऊपर्यंत धुकं, नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. अठ्ठावीस वर्षं मी रोज निदान एवढं लिहितो. आता हे सांगतानाही वही शेजारी उघडी ठेवली आहे, कारण ही हकिकत नुसत्या आठवणीवर सांगावी अशी नाही.

काम अगदी साधं होतं. सकाळी आनंदीवहिनींचा फोन आला, की कोड्यांची पुस्तकं घेऊन जा, रद्दीवाल्याला द्यायचा जीव होत नाही. आनंदीवहिनी म्हणजे श्रीनिवासरावांच्या पत्नी. श्रीनिवासराव आमच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन होते; मी तिथेच नकाशे सांभाळतो. बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं. चित्र कसं वाचायचं, ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो. त्यांच्या निवृत्तीनंतरही दर रविवारी दुपारी आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी बसून सचित्र कोडी सोडवायचो. दोन डिसेंबरला ते गेले.

या पुस्तकांचा नाद ज्याला नाही, त्याला तो समजावणं अवघड आहे. शब्दकोड्यात उत्तर आठवावं लागतं. चित्रकोड्यात ते समोर काढून ठेवलेलं असतं. पान तुमच्यापासून काहीही लपवत नाही, आणि तरी तुम्हाला दिसत नाही. तासभर बघा, आठवडाभर बघा. मग राग येतो, पुस्तक मिटून ठेवतो, आणि आंघोळीच्या वेळी मिटल्या डोळ्यांसमोर तेच चित्र उभं राहतं. दिसलं की मात्र असं वाटतं, की हे न दिसणारा माणूस कोण होता.

आमचा एक नियम होता. विचार पेन्सिलीने करायचा, शाई फक्त खात्री झाल्यावर. ज्याला सुटलं त्याने उत्तरावर शाईची फुली मारायची आणि खाली आद्याक्षर, तारीख. त्यानंतर ते पान पुन्हा उघडायचं नाही. सुटलेलं कोडं परत बघणं म्हणजे श्रीनिवासरावांच्या मते जेवून उठल्यावर खरकटं ताट न्याहाळणं.

त्यांची इमारत एरंडवण्यात, जुनी तीन मजली सोसायटी. ती पुनर्विकासाला गेली आहे. त्या रविवारी बारा घरांपैकी अकरा रिकामी होती. लोकांनी खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेलेल्या, त्यामुळे जिन्यावरून जाताना प्रत्येक मजल्यावर उघड्या खोल्यांमधून ऊन दिसायचं आणि आपलीच पावलं दोनदा ऐकू यायची. ३१ जानेवारीला वीज तुटणार होती. दुसऱ्या मजल्यावर वहिनी एकट्या. त्यांची मुलगी स्वराली हिंजवडीहून दर शनिवारी रिकामी खोकी घेऊन यायची आणि रिकामीच परत न्यायची.

वहिनींनी दार उघडलं. अनवाणी होत्या. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे; मी नोंदी करणारा माणूस, असलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. खूप वाळल्या होत्या.

मी स्वरालीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, जाईन की, मला काय इथे गवंड्यांच्या हाताखाली काम करायचंय? पण यांचं उरकू दे.

"कुणाचं?"

"तुमच्या मित्राचं. चोविसावं चित्र अडलंय."

"वहिनी, श्रीनिवासराव आता..."

"ठाऊक आहे मला. तेराव्याला तुम्ही दोनदा श्रीखंड घेतलंत की." मग आवाज खाली आला. "तीन वीसपर्यंत बसा. मग बोला."

मी बसलो. चहा झाला. आतल्या खोलीचं, त्यांच्या टेबलाच्या खोलीचं, दार लोटलेलं होतं. इमारतीत इतकी शांतता होती, की भिंतीतल्या नळातलं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं.

तीन वीसला आतून आवाज आला. खर्र... खर्र... आणि मध्ये थांबणं. श्रीनिवासराव शार्पनर वापरत नसत. अर्ध्या ब्लेडने पेन्सिलीला टोक करायचे, चार फटके मारून टोक उजेडात धरायचे, पुन्हा चार. मी मोजले. चार, थांबणं, चार. दाराखालून तासलेल्या लाकडाचा वास आला.

मी उठून दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर पुस्तक, ब्लेड, आणि पेन्सिलीची सालं, ताजी, अजून वळलेली.

"रोज झाडते," वहिनी मागून म्हणाल्या. "त्यांना असं अडकवून ठेवून मी कुठे जाऊ, संजयराव? उद्या भिंती पाडतील..."

ते पुस्तक मी ओळखत होतो. सहा वर्षांपूर्वी त्यांना ते रद्दीत सापडलं होतं. मुखपृष्ठ नाही, कर्त्याचं नाव नाही. बारीक रेघांनी काढलेली चोवीस चित्रं, प्रत्येकात एक खोली, काही दारं आणि एक पाठमोरा माणूस. पहिल्या पानावर तीनच ओळी होत्या: "चित्रातल्या माणसाला बाहेर काढा. खरे दार एकच. खूण करण्याआधी खोलीत आणखी कोणी नाही ना, ते पाहा." तेवीस चित्रांखाली श्री. अशी शाईची अक्षरं आणि तारखा होत्या. चोविसाव्याचा कागद खोडरबराने खरखरीत झाला होता.

मी माझ्या पद्धतीने आधी मोजदाद केली आणि वहीत उतरवली: दारे चार, सगळ्यांना पडदे. खिडकी एक, बंद. टेबल एक. खुर्ची एक. खुर्चीत माणूस. टेबलावर उदबत्ती, तिचा धूर. बाकी भिंती कोऱ्या.

तो रविवार वाया गेला. पुढचे सहा दिवस मी कार्यालयातून परस्पर तिथे जात होतो. रोज तासभर. काही नाही. बुधवारी इतका वैतागलो, की पुस्तक टेबलावर आपटलं, आणि आतल्या खोलीत असं वागल्याबद्दल कुणाची तरी माफी मागावीशी वाटली.

२६ तारखेला, रविवारी, लांबून कुठल्याशा शाळेतल्या झेंडावंदनाची गाणी येत होती तेव्हा दिसलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात नव्हता. केसभर झुकत होता, तिसऱ्या दाराकडे. खिडकी बंद असताना धूर हलतो म्हणजे कुठलंतरी दार खरोखर उघडतं. एवढंच होतं! इतकी वर्षं समोर होतं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. तिसऱ्या दाराचा पडदा किंचित खोलीकडे फुगलेला होता. हवा बाहेर ओढली जात असेल, तर तो पलीकडे जायला हवा. त्याच्या शेजारी श्रीनिवासरावांच्या हातचं अगदी फिकट पेन्सिलीत लिहिलेलं होतं: "पडदा का फुगला?" म्हणजे धूर त्यांनाही दिसला होता. इतका काळ ते फक्त या एका पडद्यापाशी थांबले होते.

मी थांबलो नाही. कोडी सोडवणारे एक चूक हमखास करतात, आणि ती मी केली. उत्तर जुळलं आणि एक रेघ जुळली नाही, की आम्ही म्हणतो, चित्रकार चुकला. पाच दिवसांनी वीज तुटणार होती. मी पेन काढलं, तिसऱ्या दारावर फुली मारली, खाली सं. आणि तारीख घातली.

थोड्या वेळाने तीन वीस झाले. खर्र... खर्र... दोन फटके, आणि तिसरा अर्धाच.

त्यानंतर काही नाही. वहिनी दाराशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चोवीस कोडी सुटली. गॅसचं बुकिंग मात्र जन्मात एकदा केलं नाही." आणि रडल्या. २९ तारखेला स्वरालीबरोबर हिंजवडीला गेल्या. पुस्तकं मी घरी आणली, सोबत त्यांचं अर्धं ब्लेडही. नियमाप्रमाणे ते पान पुन्हा उघडलं नाही.

रविवार, ९ मार्च. दुपारी छत्तीस अंश. आकाश पांढरट. झाडाचं पान हलत नव्हतं.

सकाळी स्वरालीचा फोन आला. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, बोलणं एरवी झपाट्याचं. त्या दिवशी शब्द शोधत होती. आई रोज दुपारी हॉलच्या भिंतीशी उभी राहते. जेवण जवळजवळ बंद. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट्स नॉर्मल. "काका, ती विचारते, मी कुठल्या दाराने जाऊ. मी म्हटलं, आई, एकच दार आहे आपल्याला. तर म्हणते, तेच तर दिसत नाही."

फोन ठेवून मी पुस्तक काढलं. चोविसावं पान उघडायला मला बराच वेळ लागला.

खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दाराचा पडदा तसाच फुगलेला. त्याच्या खालच्या काठाशी, जिथे आधी फक्त जमिनीची रेघ होती असं मी शपथेवर सांगू शकलो असतो, दोन अनवाणी पावलं होती. भिंग घेतलं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. पडदा त्या पावलांच्या बाईने आतून मुठीत घट्ट धरलेला होता. त्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून, की त्याच्या मागोमाग जाता यावं म्हणून, ते रेघांवरून कळत नव्हतं.

पुस्तक, भिंग आणि अर्धं ब्लेड घेऊन मी हिंजवडीला गेलो. अकरावा मजला. तीन वाजले होते. वहिनी हॉलमध्ये होत्या, तळहात भिंतीवर टेकवून सावकाश सरकत होत्या, जसं वीज गेल्यावर आपण बटण चाचपतो. मुख्य दाराजवळून गेल्या, त्याच्या कडीवरूनही हात फिरला, आणि पुढे सरकल्या.

"वहिनी."

"कोण, संजयराव? बरं झालं." त्यांनी मान वळवली नाही. "हे निघून गेले हो... आणि मी आतच राहिले. चारांतलं कुठलं?"

स्वराली माझ्याकडे बघत होती. मी तिला पान दाखवलं नाही. एवढंच सांगितलं, की माझ्याकडून एक खूण चुकीची झाली आहे, ती काढायची आहे.

ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडत नाहीत, खरवडतात. ब्लेड आडवं धरायचं, दाब द्यायचा नाही, कागदाचा वरचा पापुद्रा तेवढा उचलायचा. हे श्रीनिवासरावांनीच मला शिकवलं होतं. मी जेवणाच्या टेबलावर पुस्तक ठेवून बसलो. आधी तारीख काढली, मग अक्षर, मग फुली. पण हा ट्रेसिंग पेपर नव्हता, रद्दीतला जुना कागद होता, आणि माझा हात त्यांचा नव्हता. फुलीचं दुसरं टोक निघता निघता कागद फाटला. तिसऱ्या दाराच्या जागी भोक पडलं.

भिंतीशी चाललेली हाताची सरसर थांबली.

वहिनी वळल्या. खोलीभर बघितलं, जसं गाढ झोपेतून उठल्यावर बघतात. मग माझ्यासमोर येऊन बसल्या आणि स्वरालीला म्हणाल्या, "पाहुण्यांना नुसतं बसवलंयस का गं? आणि मलाही दे काहीतरी. भूक लागली आहे."

स्वरालीने उपीट केलं. वहिनींनी दोनदा घेतलं. श्रीनिवासरावांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. स्वराली बशी उचलत होती, तेव्हा मध्येच थांबली.

"काका... आतल्या खोलीत काय वाजतंय?"

चार. थांबणं. चार.

वहिनी उपीट खात राहिल्या. "वाजू दे," म्हणाल्या.

त्या दिवसाच्या नोंदीचा शेवटचा भाग वहीत आहे तसा उतरवतो.

आवाज ३.२० ते ३.३१. खोलीत कोणी नाही. खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीची सालं, ताजी. पाकिटात घालून या पानाला टाचली आहेत. स्वरालीच्या सांगण्याप्रमाणे घरात पेन्सिल नाही. आनंदीवहिनींचं जेवण सुरू झालं. परत येऊन रात्री ९.१० ला चित्र २४ ची मोजदाद पुन्हा केली: दारे तीन. भोक एक. खिडकी एक, बंद. टेबल एक. पडद्यामागे कोणी नाही. माणूस एक, बसलेला. खुर्च्या दोन.